टायरच्या गोदामातला इंग्रजीचा तास

सरांनी ट्रकड्रायव्हरांना इंग्रजी शिकवायला घेतलं ते समाजसेवा म्हणून नव्हे, आणि इंग्रजीवरच्या प्रेमापोटी तर मुळीच नव्हे. घेतलं ते साखरेमुळे.

इंग्रजीच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यानंतरचा पहिला महिना सरांनी झोपून काढला. दुसऱ्या महिन्यात त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. एका दुपारी बायको बाहेर गेलेली पाहून त्यांनी फळीवरचे सगळे डबे खाली उतरवले, पुसले आणि वर्णानुक्रमे लावून टाकले. चहानंतर तांदूळ, तांदळानंतर मीठ. पद्धत निर्दोष होती. पण निर्दोष पद्धतीतही एखादी गोम राहतेच. 'साखर' आणि 'साबणाची पावडर' यांच्यामध्ये त्या घरातला एकही जिन्नस बसत नव्हता. संध्याकाळी पाहुण्यांपुढे जो चहा गेला त्यावरचा फेस पाहून पाहुणे आधी खूशच झाले. त्यांनी घोट घेतल्यानंतरचं वर्णन इथे करण्यात अर्थ नाही.

पाहुणे गेल्यावर सरांच्या बायकोनं भावाला फोन लावला.

"यांना काहीतरी काम दे," ती म्हणाली. "पगार नाही दिलास तरी चालेल. पण सकाळी न्यायचं आणि संध्याकाळीच आणून सोडायचं, एवढी सोय हवी."

हा भाऊ, म्हणजे सरांचा मेहुणा, एका मालवाहतूक कंपनीत व्यवस्थापक होता. एरवी बहिणीचा फोन आला की तो बोगद्यात असल्यासारखं बोलायचा. त्या दिवशी मात्र तो तासाभरात दारात हजर झाला.

"भावोजी," चपला काढता काढताच तो म्हणाला, "तुम्ही अगदी वेळेवर निवृत्त झालात."

त्याची अडचण अशी होती. त्याच्या कंपनीला एका परदेशी कंपनीच्या मोठ्या गोदामाचं काम मिळालं होतं. सात समुद्रांपलीकडे बसलेल्या तिथल्या साहेबानं सुरक्षेसाठी एक नवा नियम काढला: पुढच्या महिन्यापासून गोदामाच्या आवारात फक्त इंग्रजीत बोलायचं. जागोजागी कॅमेरे, त्यात माइक. दुसऱ्या भाषेत शब्द निघाला की गाडी बाहेर. असं तीनदा झालं की कंत्राट बाहेर.

"आणि कंत्राट बाहेर गेलं की त्याच्या मागोमाग मी," मेहुणा म्हणाला.

सरांनी चष्मा पुसला. "या ड्रायव्हरांना तिथे इंग्रजीत बोलायचंय कोणाशी?"

"गेटवरच्या गार्डशी."

"तो कुठला?"

"तो ना, तुमच्या मागच्या गल्लीतला. त्याच्या पोराला तुम्ही नापास केलं होतं."

"मग त्याला मराठी येतं."

"उत्तम येतं. सगळ्यांनाच येतं. त्याचीच तर भीती आहे."

सरांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग त्यांनी खडूच्या पेटीचा आकार आणि फळ्याची लांबी-रुंदी विचारली. याचा अर्थ होकार, हे बायकोला कळलं आणि तिनं त्याच क्षणी डबे पूर्ववत लावायला घेतले.

बातमी जिन्यानं खाली उतरली. आपल्याकडे एखाद्यानं काही करायचं ठरवलं की ते कसं करावं हे शेजाऱ्यांना आधीपासून ठाऊक असतं. समोरच्या दारातले पोस्टमास्तर म्हणाले, "व्याकरणाच्या फंदात पडू नका. मी पोस्टाच्या काउंटरवर अख्खी नोकरी दोन शब्दांवर काढली. 'नेक्स्ट विंडो.'" तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "मुख्य गोष्ट म्हणजे माणसानं तोंड उघडलं पाहिजे. एकदा तोंड उघडलं की बाकीचं सगळं सोपं." सरांनी दोघांचे आभार मानले आणि नामापासून सुरुवात करायची, हा आपला बेत तसूभरही बदलला नाही. तो मेहुण्यानं बदलला. "भावोजी, नाम-बिम नको. कामापुरतं शिकवा. एक दिवस प्रश्न विचारणं, एक दिवस माफी मागणं, एक दिवस हो-नाही, असं." सरांना हे भाषा किलोवर विकल्यासारखं वाटलं. पण बायको दारात उभी राहून ऐकत होती, तेव्हा त्यांनी मान्य केलं.

वर्ग भरायचा तो टायरच्या गोदामात. बाकांच्या जागी टायर. टायरवर बसलेला माणूस हळूहळू मधल्या भोकात उतरत जातो. त्यामुळे तास संपत आला की सरांना विद्यार्थ्यांची फक्त डोकी आणि गुडघे दिसायचे. फळा मिळाला नव्हता. त्याची खरेदी वरच्या मंजुरीसाठी गेली होती, आणि वर म्हणजे कुठे हे मेहुण्यालाही सांगता येत नव्हतं. तोवर दुरुस्तीला आलेला एक ट्रक गोदामाच्या दाराशी पाठमोरा उभा होता. त्याच्या मागच्या फाळक्याला नुकताच काळा रंग दिला होता. सरांनी त्यावर सुवाच्य अक्षरात विनंतीचे प्रकार लिहिले: प्लीज वेट, प्लीज स्टॉप, प्लीज पुश.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा ट्रक दुरुस्त होऊन मालासकट हमरस्त्याला लागला होता, आणि धडाही. दुपारी त्या ट्रकच्या ड्रायव्हरचा फोन आला. तो वैतागला होता. गाडी सिग्नलला जरा थांबली की लोक खाली उतरून ती ढकलायला लागतात, काही केल्या ऐकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. सरांना मात्र मनातून बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फळ्यावर लिहिलेलं कोणीतरी वाचून अमलात आणलं होतं.

वर्गातले तिघेजण सरांच्या चांगले लक्षात राहिले. पहिले मामा. सगळ्यांत वयस्क, पांढऱ्या मिशांचे, आणि सगळे त्यांना मामाच म्हणत. ते आले माफीच्या दिवशी. सरांनी त्या दिवशी जीव ओतून शिकवलं होतं. 'आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड', म्हणजे झालेल्या गैरसोयीबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे, हे वाक्य मामांनी घोटून घोटून असं बसवलं की ते म्हणताना त्यांचा हात आपोआप छातीवर जायचा.

"सर, वाक्य फार गुणी आहे," तासानंतर मामा म्हणाले. "तिला जरा म्हणून बघतो घरी. दोन महिने झाले, धड बोलत नाही."

दुसरा वकील. प्रत्येक वाहतूक पोलिसाशी कायद्यावर वाद घालतो म्हणून हे नाव. तो नेमका प्रश्नांच्या दिवशी आला. व्हॉट, व्हाय, व्हेअर, हू. हे चार शब्द मिळाल्यावर शस्त्रागार हाती लागल्यासारखा त्याचा चेहरा झाला. तिसरा मौनी. अबोल, भला थोरला माणूस. तो हो-नाहीच्या दिवशी आला, 'येस' होईपर्यंत जागा होता आणि 'नो' सुरू होण्याआधी टायरमध्ये उतरला.

वर्ग रोज भरलेला असायचा. सर खूश होते. आठवड्याच्या शेवटी उजळणी घ्यावी म्हणून त्यांनी पहिल्या टायरवरच्या माणसाला विचारलं, "काल आपण काय शिकलो?"

"काल मी नव्हतो, सर."

"परवा?"

"परवाही नव्हतो. मी आजच आलो. उद्या निघणार, ते एकदम पुढच्या आठवड्यात."

सरांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. ड्रायव्हर हा माणूस गाडीबरोबर असतो आणि गाडी कधी एका जागी नसते, ही साधी गोष्ट वेळापत्रक आखताना कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. रोज वर्ग भरत होता. फक्त रोज वेगळ्या माणसांनी. प्रत्येकाला एकेकच धडा आला होता. सगळे ड्रायव्हर एकत्र केले असते तर मिळून एक इंग्रजी बोलणारा माणूस तयार झाला असता.

"मग एका ट्रकमध्ये सगळ्यांना बसवूया," मेहुणा म्हणाला, आणि तो हे गंभीरपणे म्हणाला, यावरून त्याच्या मनःस्थितीची कल्पना यावी.

नियम लागू झाला त्या सकाळी सर घरी पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा करत बसले होते. तेवढ्यात खाली मेहुण्याची स्कूटर आली आणि बंद न होता तशीच फुरफुरत राहिली.

"भावोजी, आहात तसे या," मेहुणा खालून ओरडला.

सर आहेत तसे निघाले. घरातला ढगळ लेंगा, बाह्यांचा बनियन, त्यावर घाईत चढवलेला कोट. एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात बायकोची. तिला छोटंसं फूल होतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा स्कूटर पुलावर होती.

जे घडलं होतं ते मेहुण्यानं वाऱ्यावर ओरडत सांगितलं. पहिली गाडी मामांची. तिच्यात उशा होत्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या मोठ्या उशांची चित्रंही होती. गार्डला हे चांगलं ठाऊक होतं, कारण तो स्वतः मामांनी दिलेल्याच उशीवर झोपायचा. पण डोक्यावर कॅमेरा होता आणि हातात कंपनीनं दिलेलं प्रश्नांचं कार्ड होतं. कार्डाच्या तळाशी लिहिलं होतं: उत्तर 'नो' आलं तर गेट उघडा, दुसरं काहीही आलं तर लाल बटण दाबा.

"गुड मॉर्निंग," गार्डनं वाचलं. "इज युवर लोड डेंजरस?" माल धोकादायक आहे का.

मामांनी छातीवर हात ठेवला. "आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॉरी."

गार्ड चपापला. त्यानं डोळ्यांनी मामांना खुणावलं, मान आडवी हलवून दाखवली. मामांना वाटलं, माफी पुरेशी झाली नाही.

"इज इट लीकिंग?" गळतोय का.

"आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॉरी," मामा गहिवरून म्हणाले, "फॉर द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड."

गार्डचा नाइलाज झाला. त्यानं लाल बटण दाबलं.

सर आणि मेहुणा पोचले तेव्हा भोंगा वाजत होता. गोदामातली सगळी माणसं मैदानात रांगा करून उभी होती, आणि मराठी बोलायची बंदी असल्यामुळे नक्की काय झालंय हे कोणी कोणाला सांगू शकत नव्हतं. त्यामुळे जो तो आपल्या कल्पनेप्रमाणे घाबरला होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख चढवलेल्या दोघांनी लांब चिमट्यानं एक उशी बाहेर काढून मोकळ्या जागेत ठेवली होती आणि ते तिच्याकडे दुरून पाहत होते. त्या आवारात निवांत अशी ती एकटीच होती.

मागून आलेल्या वकिलाचं भलतंच झालं होतं. गार्डनं कार्डावरचा पहिला प्रश्न विचारताच वकिलानं उलट विचारलं, "व्हाय?" गार्डनं दुसरा विचारला. वकील म्हणाला, "हू आर यू?" आजवर त्या आवारात इंग्रजीतून असे प्रश्न फक्त वरिष्ठांनी विचारले होते. गार्डनं ओळखलं, हा मोठा तपासनीस, ड्रायव्हरच्या वेषात आलाय. त्यानं सलाम ठोकला. गोदामाचा व्यवस्थापक धावत आला, त्यानं वकिलाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि सगळं गोदाम फिरवून दाखवायला सुरुवात केली. वकील दर दहा पावलांवर थांबून एखाद्या खोक्याकडे बोट दाखवत म्हणत होता, "व्हॉट?" आणि व्यवस्थापकाला घाम फुटत होता. तिसरी गाडी मौनीची. त्याला गार्डनं काय विचारलं हे कोणालाच आठवत नाही. पण तो 'येस' म्हणाला होता आणि आता त्याच्या गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला होता.

गेटवर सरांना पाहताच गार्ड ताठ झाला. मुलाचा निकाल तो विसरला नव्हता.

"हू आर यू?"

हा क्षण सरांचा होता. त्यांनी कोटाची बटणं लावली, फुलाची चप्पल मागे घेतली आणि म्हणाले, "आय अ‍ॅम द पर्सन बाय हूम दीज ड्रायव्हर्स हॅव बीन टॉट." या ड्रायव्हरांना ज्यांच्याकडून शिकवलं गेलं, ती व्यक्ती मीच. कर्मणी प्रयोग, त्यात पूर्ण वर्तमानकाळ. वाक्यात खोट काढायला जागा नव्हती.

गार्डनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कार्ड तपासलं आणि त्याचं बोट लाल बटणाकडे निघालं. मेहुण्यानं त्याचा हात धरला आणि सरांकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की बहीण आठवावी.

"नो," सर पडेल आवाजात म्हणाले.

गेट उघडलं. 'तुम्ही कोण' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर देऊन सर आत गेले. त्यांच्या शिकवणुकीत ते कुठेच बसत नव्हतं.

ते मैदानाच्या मधोमध आले न आले तोच भोंगा थांबला आणि खांबावरचा कर्णा खरखरला. मग एक आवाज आला. सगळ्यांनी पाय जुळवले. साक्षात सात समुद्रांपलीकडचे साहेब बोलत होते.

साहेब बोलले. एखाद्या पत्र्यावरून दगडांची रास घरंगळत जावी तसं काहीतरी सरांच्या कानांवरून गेलं. बोलणं थांबताच मैदानातल्या एकूण एक माणसानं मान वळवून सरांकडे पाहिलं. मामांनी पाहिलं, मेहुण्यानं पाहिलं, पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी काचेआडून पाहिलं.

सरांना एक शब्दही कळला नव्हता. नाम नाही, क्रियापद नाही, साधं 'द' देखील नाही. त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं, पण ज्याला मराठी येत नाही अशा माणसाशी ते बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. काठावर उभं राहून पोहायला शिकवणाऱ्याला कोणीतरी मागून ढकलावं तसं झालं. तोंड उघडलं होतं, दातांच्या डॉक्टरांना समाधान वाटावं इतकं. पण आतून काही येत नव्हतं.

कर्णा पुन्हा खरखरला. आता आवाजात राग होता.

तेव्हा गोदामातून बाहेर येत, हेल्मेट सावरत वकील पुढे झाला. त्याला गप्प बसणं कधीच जमलं नव्हतं. "व्हॉट इज द प्रॉब्लेम?" त्यानं खांबाला विचारलं.

साहेब यावर बराच वेळ बोलले. काय बोलले ते कळलं नाही, पण कोणावर तरी अन्याय झाल्यासारखं, फार दिवस साठलेलं बोलावं तसं बोलले. शेवटी शेवटी तर आवाज कापायला लागला. मामांना ते ऐकवेना. त्यांनी टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, "आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड."

कर्णा जरा खरखरला. मग आवाज आला तो अगदीच निराळा, मऊ. तो हळूहळू काहीतरी सांगत गेला आणि शेवटी वर चढून थांबला, प्रश्न विचारल्यासारखा.

सगळे पुन्हा सरांकडे बघायला लागले. सर उशीकडे बघत होते.

"येस," मौनी म्हणाला.

"येस?" कर्णा म्हणाला. हा एक शब्द सगळ्यांनाच कळला.

"येस."

साहेब हसले. मोठ्यानं, पोट धरून हसले असावेत. आणि कर्णा बंद झाला. पांढऱ्या पोशाखातल्या एकानं पुढे होऊन उशी उचलली, दोनदा थोपटली आणि गाडीत ठेवून दिली.

त्या दिवशी सर जेवले नाहीत. बायकोनं दोनदा हाक मारली तरी खिडकीपाशीच बसून राहिले.

"मला एक शब्दही कळला नाही," शेवटी ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. आणि तोही तुझ्या चपलेत."

"मला तुमचं मराठीसुद्धा निम्म्या वेळा कळत नाही," बायको म्हणाली. "म्हणून काय मी खिडकीत जाऊन बसले? चला, पानं वाढलीत."

पुढचे काही दिवस सरांनी जिन्यातला वावर बंद ठेवला. पोस्टमास्तर भेटतील आणि 'नेक्स्ट विंडो' म्हणतील, ही धास्ती होती. मग एका संध्याकाळी मेहुणा आला. त्याचा चेहरा लग्न ठरलं पण मुलगी बदलली, अशा माणसासारखा होता.

"भावोजी, कंत्राट राहिलं. साहेब खूश आहेत. म्हणतात, इतक्या वर्षांत कोणी माझं ऐकून घेतलं नव्हतं."

"उत्तम," सर कोरडेपणानं म्हणाले.

"पण एक आहे. त्या साहेबांची भाषा इंग्रजी नाहीच. त्यांच्याही कंपनीनं त्यांच्यावर इंग्रजीची सक्ती केली होती. आठवड्यातून दोनदा तासाला बसवायचे बिचाऱ्यांना. त्या दिवशी ते सांगत होते की मला ही भाषा जमत नाही, तुम्हालाही जमताना दिसत नाही, तर हा जाच बंद करून पुढच्या महिन्यापासून आवारात सगळ्यांनी माझी भाषा बोलली तर चालेल का?"

"आणि मौनी—"

"दोनदा म्हणाला."

सर सावकाश उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. "म्हणजे मला जे कळलं नाही, ते इंग्रजी नव्हतंच."

"तसं ते इंग्रजीच बोलत होते, पण—"

"ते इंग्रजी नव्हतं," सर म्हणाले आणि पायात चपला सरकवून, या वेळी दोन्ही स्वतःच्या, जिना उतरले. पोस्टमास्तरांना सांगितलं. दातांच्या डॉक्टरांना, त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या पेशंटसकट, सांगितलं. मागच्या गल्लीत जाऊन गार्डच्या दारापुढून उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

नव्या भाषेचा वर्ग त्याच गोदामात सुरू झाला. शिकवायला एक तरुण मुलगी आली. चुणचुणीत, सरांच्या शेवटच्या शेवटच्या बॅचमध्ये शोभली असती अशी. पहिल्या दिवशी सर तिथे गेले ते केवळ तिच्या शिकवण्यातल्या चुका काढायला, असं ते घरी सांगून निघाले. गेले आणि रिकामा टायर दिसला त्यावर बसले. मामांनी सरकून जागा दिली.

"सर, ते तुमचं वाक्य घरी लागू पडलं बरं का," मामा कुजबुजले. "तिला अर्थ काही कळला नाही. पण दोनदा म्हणायला लावलं, आणि मग बोलायला लागली ती अजून थांबली नाही."

"शेवटच्या रांगेत बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

सर दचकले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि शेवटची रांग म्हणजे आपलीच, हे त्यांच्या लक्षात आलं. ते लाल झाले, सावरून बसले. मॅडमनी फळ्यावर चार विचित्र अक्षरं लिहिली, आता मंजूर होऊन आलेल्या खऱ्या फळ्यावर, आणि त्यांचा उच्चार करून दाखवला. घशातून काढायचा होता, गुळणी केल्यासारखा. वकिलानं काढला, मौनीनं काढला तेव्हा टायर हलले. सरांना जमेना. त्यांनी चारदा प्रयत्न केला, पाचव्यांदा डोळे मिटून केला, आणि आवाज निघाला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "काकांना जमलं."

सरांनी आपल्या उभ्या आयुष्यात वर्गात कोणाला 'छान' म्हटलं नव्हतं. मुलं शेफारतात, असं त्यांचं मत होतं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको दार उघडून बाजूला झाली आणि रोजच्यासारखी तक्रार ऐकायच्या तयारीनं उभी राहिली. सरांनी कोट काढला, त्याची नीट घडी घातली आणि विचारलं, "घरात एखादी कोरी वही आहे का?"

"कशाला?"

"गृहपाठ आहे," सर म्हणाले.